हायबरनेट, जँगो की सरळ एसक्यूएल? भाचीने विचारलं म्हणून

भाचीचा परवा रात्री मोठा मेसेज आला. विजयनगरला एका कंपनीत लागलीये, तिथं बिलिंगचं जुनं प्रॉडक्ट जावा आणि हायबरनेटमध्ये, नवं जँगोमध्ये, आणि डोक्यावर दोन सीनियर. एक म्हणतो ओआरएम, म्हणजे हायबरनेट किंवा जँगोतल्यासारखं कोडमधल्या ऑब्जेक्टवरून डेटाबेसची क्वेरी आपोआप बांधणारं हत्यार, असताना हाताने एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, लिहायचं म्हणजे मिक्सर सोडून पाट्यावर वाटायचं, दुसरा म्हणतो ओआरएम जितका वेळ वाचवतं त्याच्या दुप्पट नंतर खातं. "मामा, कोणाचं ऐकू, कुठलं ओआरएम शिकू, आणि एसक्यूएल मुळातून शिकायची खरंच गरज आहे का?" फोनवर संपणारी गोष्ट नाही म्हणून लिहून काढतोय, दरवर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं तेव्हा त्यांनाही पाठवता येईल. मी १८ वर्षं इंदुरातच हेच काम करतोय, घाऊक दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअर, थोडं बँकेचं काम, त्यामुळे उदाहरणं सगळी सियागंजच्या घाऊक बाजाराच्या वासाची येतील आणि मधेमधे हिंदीही येईल, आपलं मराठी तसंच आहे त्याला काय करणार.

आधी सरळ उत्तर. एसक्यूएल शिक, आणि ओआरएम तेच शिक जे कंपनीत आहे. दोन्ही सीनियर आपापल्या अनुभवाने बरोबर बोलतायत, फक्त एक बहुतेक एंट्रीच्या स्क्रीन करत आलाय आणि दुसरा रिपोर्ट.

आता का ते. आपल्या या टेबलवाल्या डेटाबेसला एसक्यूएलशिवाय दुसरी भाषा कळत नाही. हायबरनेट असो, जँगो असो, रुबीचं रेल्स असो, शेवटी तारेवरून जातं ते सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेटच. म्हणजे ओआरएम हा तुझा मुनीम. तू गादीवरून म्हणतेस अमक्या पार्टीची बिलं काढा, तो उठतो, वही काढतो, पानं चाळतो आणि तुझ्यासमोर आणून ठेवतो. मुनीम हुशार आहे, पण तू काय विचारलंस तेवढंच त्याला कळतं, कशासाठी विचारलंस ते कळत नाही. पन्नास पार्ट्यांची नावं एकेक करून विचारलीस तर पन्नास वेळा उठून कपाटापर्यंत जाऊन येईल, तोंडातून ब्र काढणार नाही.

गोची मुळातच आहे. टेबलांची कल्पना एडगर कॉडने १९७० मध्ये मांडली, त्यावरची भाषा आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये, तेव्हा तिचं नाव सीक्वेल होतं. त्यात सगळा विचार ढिगाचा: या सगळ्या ओळींतून अशा अशा काढ, त्या ढिगाशी जुळव, बेरीज कर. ऑब्जेक्टवाल्या भाषांत विचार एकेका वस्तूचा: हे बिल, याची पार्टी, तिचं गाव. बिलातून बोट धरून पार्टीकडे, पार्टीतून गावाकडे चालत जायचं. टेबलात बोट नसतं, नुसता पार्टीचा नंबर असतो. हे दोन विचार जुळवायचा खटाटोप म्हणजे ओआरएम, आणि तो इतका चिवट निघाला की २००६ मध्ये टेड न्यूअर्डने त्याला कॉम्प्युटर सायन्सचं व्हिएतनाम म्हटलं होतं, आत शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. मला ते जरा जास्त वाटतं, पण त्याने दाखवलेली दुखणी आजही तीच आहेत.

आता हत्यारांकडे. ढोबळ दोन घराणी, ॲक्टिव्ह रेकॉर्ड आणि डेटा मॅपर, ही नावं मार्टिन फाउलरने २००२ मध्ये रुळवली. पहिल्यात टेबलाची एक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट, तोच स्वतःला सेव्ह करतो. रेल्स २००४ चं, जँगो २००५ चं, दोघं याच वळणाचे. दुसऱ्यात तुझे क्लास वेगळे, आणि मधे एक सेशन बसलेलं असतं जे प्रत्येक ऑब्जेक्टवर नजर ठेवून असतं, कुठं काय बदललं ते टिपतं आणि शेवटी एकदम डेटाबेसला कळवतं. गॅविन किंगने २००१ मध्ये सुरू केलेलं हायबरनेट, माइक बायरचं २००६ चं पायथनमधलं एसक्यूएलअल्केमी, मायक्रोसॉफ्टचं एंटिटी फ्रेमवर्क, हे सगळे या घराण्यातले.

पुस्तकात हा फरक दोन ओळींत संपतो, कामावर कसा चावतो ते ऐक. एका जुन्या नोकरीत आमच्या पोराने बिलाच्या प्रिंटसाठी पार्टीच्या नावापुढे "श्री" लावलं. पार्टी ऑब्जेक्ट घेतला, सेट-नेम केलं, प्रिंटला दिलं. सेव्ह कुठंच बोलावलं नाही. पण तो सगळा कोड ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे सगळं एकदम पक्कं होईल नाहीतर काहीच नाही अशा गठ्ठ्याच्या, आत होता आणि हायबरनेटच्या सेशनने बघितलं की नाव बदललंय, मग कमिटच्या, म्हणजे तो गठ्ठा पक्का करायच्या, वेळी त्याने इमानदारीत अपडेट पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच पार्टीचं बिल पुन्हा छापलं तर "श्री श्री". महिनाअखेरीस एक गूळवाले फोन करून विचारतात, भैया हमने कब संन्यास लिया? त्यांच्या नावापुढे अकरा श्री लागले होते. जँगोत हे झालं नसतं, तिथं सेव्ह म्हटल्याशिवाय काही जात नाही. पण जँगोत उलटं होतं, पोरं सेव्ह विसरतात, आणि सेव्ह केलं की तो मुळात सगळेच कॉलम लिहून टाकतो, तू एकच बदलला असलास तरी. दोन जणांनी एकच पार्टी उघडली, एकाने फोन नंबर बदलला, दुसऱ्याने पत्ता, तर मागून सेव्ह करणाऱ्याने आधीच्याचं पुसलं. हायबरनेटही अपडेटमध्ये मुळात सगळे कॉलम घालतं बरं का, पण तिथं व्हर्जनचा कॉलम लावला की दुसऱ्याला एरर येतो आणि निदान कळतं तरी. जँगोत कुठले फील्ड लिहायचे ते सेव्हलाच सांगायचं.

आता सगळ्यात जुनं दुखणं, एन प्लस वन, म्हणजे यादीची एक क्वेरी आणि मग तिच्या प्रत्येक ओळीमागे आणखी एक. नाव ऐकलं असशील, आकड्यांत बघ. बिलांची यादी, पानावर ५० बिलं, प्रत्येकासमोर पार्टीचं नाव आणि बिलातल्या मालाची बेरीज. जँगोत सरळ लूप फिरवलास तर बिलांची एक क्वेरी, मग प्रत्येक बिलासाठी पार्टीची एक आणि मालाची एक, एकूण १०१. तुझ्या लॅपटॉपवर डेटाबेस त्याच मशीनवर, एकेक क्वेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, पान ५० मिलिसेकंदात येतं, सगळे खूश. लाइव्हला डेटाबेस दुसऱ्या मशीनवर, जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद धर, झाला अर्धा सेकंद. तरी चालतं. मग शेठजी म्हणतात पानावर ५०० बिलं दाखवा, कौन बार बार नेक्स्ट दबाए, आणि १००१ क्वेऱ्या, ५ सेकंद. आणि गंमत म्हणजे स्लो क्वेरी लॉग उघडलास तर तो कोरा, कारण एकही क्वेरी स्लो नाहीये, सगळ्या तुफान फास्ट आहेत, फक्त हजार आहेत. आमचे दोन दिवस त्या कोऱ्या लॉगने खाल्ले होते.

औषध सगळीकडे आहे, नावं वेगळी. जँगोत सिलेक्ट रिलेटेड म्हटलं की पार्टी त्याच क्वेरीत जॉईन होऊन, म्हणजे दोन टेबलं जुळवून, येते, प्रीफेच रिलेटेड म्हटलं की माल दुसऱ्या एका क्वेरीत सगळ्या बिलांसाठी एकदम येतो आणि जुळणी पायथनमध्ये होते. १०१ च्या २. रेल्समध्ये इन्क्लूड्स, हायबरनेटमध्ये जॉईन फेच. पण इथं एक बारीक फरक आहे जो कोणी सांगत नाही. त्या ५० बिलांत पार्ट्या खऱ्या १२च असतील तर जँगो तरी ५० वेळा जाणार, कारण आधी आणलेली पार्टी त्याच्या लक्षात नसते, हायबरनेटचं सेशन एकदा आणलेली पार्टी खिशात ठेवतं म्हणून १२ वेळाच जाईल. म्हणून हायबरनेटमध्ये हे दुखणं उशिरा कळतं. शिवाय जेपीएच्या, म्हणजे हायबरनेट पाळतं त्या जावाच्या मानकाच्या, नियमाने मेनी-टू-वन (अनेक बिलं, एक पार्टी) हे नातं मुळातच ईगर, म्हणजे तू पार्टीला हात लावला नाहीस तरी बिलं क्वेरीने आणलीस की पार्ट्या मागोमाग येणार. तुमच्या जुन्या प्रॉडक्टमध्ये जाऊन पहिलं हे बघ, जिथं लेझी, म्हणजे हात लावल्यावरच आण, असं लिहिलेलं नाही तिथं लिही. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये लेझी लोडिंग मुळात बंद असतं, मला ते आवडतं, विसरलीस तर पार्टी नल दिसते आणि लगेच कळतं. रेल्समध्ये ६.१ पासून स्ट्रिक्ट लोडिंग आहे, एसक्यूएलअल्केमीतही लेझी लोडवर सरळ एरर फेकायची सोय आहे. टेस्टमध्ये अशा गोष्टी चालू ठेवाव्यात.

हायबरनेटचा आणखी एक खास नमुना, कारण तुमच्याकडे नक्की असणार. बिलं आणि त्यांचा माल जॉईन फेच केला आणि वर पेजिनेशन लावलं, पहिली ५० दे. आता जॉईन झाल्यावर ओळी मालाच्या मोजल्या जातात, बिलांच्या नाही, तेव्हा लिमिट ५० लावलं तर बिल मधेच तुटेल. हे हायबरनेटला कळतं, म्हणून तो लिमिट लावतच नाही, सगळी बिलं उचलून मेमरीत आणतो आणि तिथं ५० मोजून देतो. लॉगमध्ये एक वॉर्निंग टाकतो बिचारा, पण वॉर्निंग वाचतं कोण. दिवाळीच्या सीझनला सर्व्हर आडवा झाला की मग वाचतात. त्याऐवजी एरर दे असं सांगणारी सेटिंग आहे, ती लावून टाक, आणि आधी ५० बिलांचे नुसते नंबर काढून मग त्यांचा माल आणायचा.

इथपर्यंतचं सगळं वेगाचं होतं. हळू चालणारं पान दिसतं तरी. चुकीचा आकडा दिसत नाही, म्हणून पुढचं नीट वाच.

उधारीचा रिपोर्ट. एका बिलात तीन मालाच्या ओळी, १०००, १५०० आणि ५००, म्हणजे ३०००. त्यावर दोन भरणे आले, २००० आणि ५००, म्हणजे २५००. बाकी ५००. जँगोत ॲनोटेटमध्ये, म्हणजे प्रत्येक बिलाला हिशेब जोडायच्या जागी, दोन सम (बेरजा) लिहायचे, एक मालाचा, एक भरण्याचा, वाचायला अगदी सुंदर दिसतं. उत्तर येतं माल ६०००, भरणा ७५००, बाकी उणे १५००. म्हणजे दुकानदारच गिऱ्हाइकाचं देणं लागतो! झालं काय, तर त्याने बिलाला माल जॉईन केला आणि त्यालाच भरणा जॉईन केला, तीन गुणिले दोन सहा ओळी, मालाची प्रत्येक ओळ दोनदा मोजली गेली, प्रत्येक भरणा तीनदा. जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये याची ताकीद आहे. त्यावर कोणीतरी सांगतं डिस्टिंक्ट लाव, म्हणजे सारखी व्हॅल्यू एकदाच मोज. काउंटला चालतं. समला लावलंस तर आणखी घात, कारण बिलात ५०० च्या दोन ओळी असल्या तर डिस्टिंक्ट त्यातली एकच धरणार. तेव्हा आकडा कधी बरोबर कधी चूक, आणि तो प्रकार पकडायला महिने जातात. खरं औषध म्हणजे मालाची बेरीज वेगळ्या सबक्वेरीत, म्हणजे आतल्या छोट्या क्वेरीत, भरण्याची वेगळ्या, मग बिलाला जोडायच्या. जँगोत तेही लिहिता येतं, पण ते सुचायला जॉईनने ओळी का फुगतात हे डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे, आणि ते एसक्यूएल हाताने लिहिल्यानेच दिसायला लागतं. ओआरएमला शिव्या देत नाहीये, हाताने लिहितानाही हीच चूक होते, मी स्वतः केलीये. पण हाताने लिहिताना दोन जॉईन समोर दिसत असतात, इथं ते दोन सुंदर ओळींच्या मागे लपलेले.

मग ओआरएम कशाला ठेवायचं? लिहायच्या कामाला. नवीन बिल म्हणजे एक हेडर, पंधरा मालाच्या ओळी, स्टॉक कमी, पार्टीच्या खात्यात नोंद. कुठला इन्सर्ट आधी, कुठली आयडी कुठं घालायची, मधे फाटलं तर सगळं मागे, हे हाताने लिहून बघ एकदा, मग हायबरनेटचे पाय धरशील. व्हॅलिडेशन, मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणं), ॲडमिन स्क्रीन, एका ओळीची उचल-ठेव, यात ओआरएमला तोड नाही. फक्त स्टॉक कमी करताना आकडा वाचून वजा करून लिहू नकोस. स्टॉक ४०, काउंटर एकने ४० वाचले आणि ५ वजा करून ३५ लिहिले, त्याच क्षणी काउंटर दोननेही ४० वाचले होते, त्याने १० वजा करून ३० लिहिले, गोदामात २५ आणि स्क्रीनवर ३०. वजाबाकी डेटाबेसलाच करू दे, जँगोत त्यासाठी एफ एक्स्प्रेशन आहे, हायबरनेटमध्ये सरळ अपडेट क्वेरी लिहायची नाहीतर ओळ लॉक करायची.

वाचायच्या कामाला, म्हणजे रिपोर्ट, डॅशबोर्ड, मोठ्या याद्या, तिथं मी बिनधास्त एसक्यूएल लिहितो. त्याच प्रोजेक्टमध्ये, ओआरएमच्या शेजारीच. दोघांपैकी एक निवडा हा हट्ट का धरतात कळत नाही, जेवायला वरण आणि भाजी दोन्ही लागतात. आणि मधली वाटही आहे. मायबॅटिसमध्ये, जे आधी आयबॅटिस होतं आणि २०१० मध्ये नाव बदललं, एसक्यूएल तू लिहायचं, ऑब्जेक्टमध्ये भरायचं काम ते करतं. डॉटनेटमध्ये डॅपर तसंच, स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांनी स्वतःच्या साइटसाठी केलेलं. जावातच जूक आहे, त्यात एसक्यूएलच लिहितेस पण जावाच्या मेथडनी, कॉलमचं नाव चुकलं तर कंपायलरच ओरडतो. आणि एसक्यूएलअल्केमीचे दोन मजले आहेत, खाली कोअर, जो नुसता एसक्यूएल बांधतो, वर ओआरएम, कुठल्याही मजल्यावर राहा. मला कोणी कोऱ्या पाटीवर निवडायला सांगितलं तर पायथनमध्ये मी तेच घेईन, ते एसक्यूएल लपवत नाही. माझं तराजू तेवढंच आहे: पाठवलेली क्वेरी किती सहज दिसते, आणि अडलं की बाहेर पडायला दार किती मोठं. यात जँगो ठीकठाक, हायबरनेट पूर्वी वाईट होतं, सहाव्या आवृत्तीपासून विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून गटागटाने क्रमांक, बेरीज काढणारी) वगैरे एचक्यूएलमध्येच, म्हणजे हायबरनेटच्या स्वतःच्या क्वेरीच्या भाषेतच, लिहिता येतात म्हणून बरंच सुधारलंय. एंटिटी फ्रेमवर्क कोअरने तर सुरुवातीला कहर केला होता, जी अट एसक्यूएलमध्ये बदलता आली नाही ती गुपचूप मेमरीत चालवायचं, म्हणजे आख्खं टेबल उचलून आणायचं. २०१९ च्या ३.० पासून तिथं सरळ एरर येतो.

एक थाप मात्र तुला ऐकवतीलच, की ओआरएम असलं की उद्या डेटाबेस बदलता येतो. १८ वर्षांत असं मी दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा रडारड. मायएसक्यूएलमध्ये मुळातल्या सेटिंगला कॅपिटल-स्मॉल एकच धरतात, पोस्टग्रेसमध्ये वेगळे. इंग्रजीत पार्टीचं नाव टाकून शोधणारी स्क्रीन दुसऱ्या दिवशी अर्ध्या पार्ट्या दाखवेना. ओआरएमच्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं.

आता तू काय करायचं. सोमवारी जाऊन दोन्ही प्रॉडक्टमध्ये क्वेरीचा लॉग चालू कर, लाइव्हवर नाही, स्वतःच्या मशीनवर. जँगोला डीबग टूलबार लाव, हायबरनेटला एसक्यूएल दाखवायला सांग. मग रोज एकच स्क्रीन उघड आणि तिच्या क्वेऱ्या मोज. नुसतं मोजणं, आठवडाभर. जी क्वेरी लांबलचक दिसेल ती उचलून पोस्टग्रेसमध्ये एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी कमांड) लावून चालव, आणि त्याने किती ओळी येतील म्हणून अंदाज केला होता आणि किती आल्या ते बघ, बहुतेक रोग तिथंच दिसतो. हो, आणि फॉरेन कीला, म्हणजे बिलातल्या पार्टीच्या नंबरसारख्या कॉलमला, इंडेक्स (पटकन शोधायची सूची) पोस्टग्रेस आपोआप लावत नाही. जँगो लावतो, हायबरनेट लावत नाही, तेव्हा जुन्या प्रॉडक्टमध्ये ते तपास.

एसक्यूएलमध्ये जॉईन, ग्रुप बाय आणि विंडो फंक्शन एवढं पक्कं कर. विंडो फंक्शन पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून आहेत, मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० पासून, म्हणून आपल्याकडच्या जुन्या लोकांना ती माहीतच नसतात. प्रत्येक पार्टीचा शेवटचा भरणा काढ म्हटलं की ते पार्ट्यांवर लूप फिरवतात, तू रो नंबरने पार्टीनिहाय क्रमांक लाव, पहिला उचल, झालं. आणि एसक्यूएल हाताने लिहिशील तेव्हा युजरने टाकलेली व्हॅल्यू स्ट्रिंगमध्ये चिकटवायची नाही, पॅरामीटर म्हणूनच द्यायची, यात सूट नाही, रिपोर्ट फक्त आतल्या लोकांसाठी आहे म्हणूनसुद्धा नाही.

त्या दुसऱ्या सीनियरने तुला जो उधारीचा रिपोर्ट दिलाय म्हणालीस, त्यात माल आणि भरणा एकाच ॲनोटेटमध्ये आहेत का ते आजच बघ. असतील तर रविवारी लॅपटॉप घेऊन ये, पोहे-जिलेबी खाऊन बसू, सबक्वेरी तिथंच लिहून टाकू. आणि ताईला सांग, शेव मी आणतो.